यात ह्यांचं किती आणि त्या फ्रेंच लोकांचं किती?

पत्र :

लग्नाला 22 वर्षं झाली. हे 49 वर्षांचे, विमा कंपनीत नोकरी. गेल्या वर्षीपासून लोकलमध्ये इअरफोन लावून तत्त्वज्ञानाची व्याख्यानं ऐकतात. आधी मला बरंच वाटलं, निदान रील्स तरी बघत नाहीत. आता घरात कुठलाही विषय काढला की त्या फ्रेंच तत्त्वज्ञांचा अस्तित्ववाद सुरू. चिपळूणला सासूबाई एकट्या असतात, वय 78. फेब्रुवारीत न्हाणीत पडल्या, मनगट मोडलं. त्यांना इकडे आणायचं, की धाकट्या दिरांकडे सांगलीला ठेवायचं, की तिकडेच चोवीस तासांची बाई बघायची, हे तेव्हापासून लोंबकळतंय. दीर सारखे फोन करतात. हे म्हणतात, "शेवटी कशालाच अर्थ नाही, काहीही केलं तरी सारखंच." माझ्या बहिणीसमोर म्हणाले, "नरक म्हणजे इतर माणसं." मुलीनं बारावीनंतर काय करू विचारलं, तर "तू मुक्त आहेस." गणपतीत आरतीला उभे राहिले नाहीत, "देव मेला." रोज तीच लोकल पकडतात म्हणून स्वतःला ग्रीक पुराणातला, तीच शिळा पुन्हा पुन्हा ढकलणारा सिसिफस म्हणवून घेतात. फारच लावून धरलं तर "माझा स्वभावच असा आहे, आतून वाटेल तेव्हा आईकडे जाईन." जेवण, झोप, क्रिकेट सगळं व्यवस्थित आहे. सासूबाई आल्या तर त्यांचं मलाच बघावं लागणार. सून आहे, करावंच लागतं, त्याची तक्रार नाही. फक्त एवढं सांगा, यात ह्यांचं किती आणि त्या फ्रेंच लोकांचं किती?

– त्रस्त, डोंबिवली

उत्तर :

प्रिय ताई,

हिशेब विचारलात, तर आधी हिशेबच देते. वाक्यं त्या फ्रेंच लोकांची आहेत (एक जर्मनाचं). वापर सगळा तुमच्या ह्यांचा आहे, आणि तो जवळजवळ प्रत्येक ठिकाणी उलटा झालाय. अस्तित्ववाद्यांनी सगळ्यात जास्त धारेवर कुणाला धरलं असेल, तर निर्णय लोंबकळत ठेवून नामानिराळं राहणाऱ्याला.

त्यात शिरण्याआधी एक गोष्ट. जेवण-झोप ठीक आहे हे तुम्ही आपणहून लिहिलंत ते बरं झालं. "कशालाच अर्थ नाही" हे वाक्य पुस्तकातून येतं तसं नैराश्यातूनही येतं, आणि नैराश्यावर वादविवाद हा उपाय नव्हे. उद्या झोप उडाली, जेवण तुटलं, आवडीच्या गोष्टींतूनही मन उठलं किंवा निरवानिरवीची भाषा सुरू झाली, तर एक शब्द न वाढवता डॉक्टर गाठा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416 या नंबरवर चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं. तुमच्या पत्रावरून तरी मला प्रकरण तिथवर गेलेलं दिसत नाही.

आता पॅरिसला जाऊ. 29 ऑक्टोबर 1945 ची संध्याकाळ. शहर जर्मनांच्या तावडीतून सुटून सव्वा वर्ष झालेलं. चाळीस वर्षांचा फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्र व्याख्यान द्यायला उभा राहिला आणि इतकी गर्दी उसळली की रेटारेटीत खुर्च्या मोडल्या. विषय होता अस्तित्ववाद. तोवर हे नाव तिथे शिवीसारखं वापरलं जात होतं. कॅथलिक म्हणत, ही माणसं तान्ह्या बाळाचं हसूसुद्धा विसरलीत. कम्युनिस्ट म्हणत, हे लोकांना हातावर हात ठेवून बसायला शिकवतात. सार्त्रनं त्याच व्याख्यानात एक किस्सा सांगितला. कुठल्याशा बाईंच्या तोंडून गडबडीत एक अपशब्द निसटला, तर त्या सावरून म्हणाल्या, मी बहुतेक अस्तित्ववादी व्हायला लागलेय! तुमच्या घरात चाललंय ते काही नवीन नाही. आपल्याकडेही 1963 च्या 'कोसला'नंतर अस्तित्ववादी म्हणजे उदास, तुटलेला, सगळ्यांची टिंगल करणारा तरुण अशी एक समजूत बसली. त्यात कादंबरीचा दोष नाही, ती न वाचता तिच्याबद्दल बोलणाऱ्यांचा आहे.

सार्त्रचं म्हणणं थोडक्यात असं. कागद कापायची सुरी घ्या. ती कशासाठी हवी हे कारागिराच्या डोक्यात आधी असतं, सुरी नंतर होते. माणूस आधी जगात येऊन पडतो. तो कोण आणि कशासाठी, हे नंतर त्याच्या करण्यातून ठरत जातं. कुणी वरून ठरवून पाठवलेलं नाही, त्यामुळे खापर फोडायलाही वर कुणी नाही. चार वर्षं परकी फौज रस्त्यावर असताना माणसं रोज काही ना काही ठरवत होती. शेजाऱ्याबद्दल चुगली करायची की नाही, पत्रकं वाटायची की नाही, की नुसतं मान खाली घालून जायचं. युद्ध संपल्यावर "मी काय करणार, हुकूम होता" म्हणणारे पुष्कळ निघाले. सार्त्र स्वतः 1940 मध्ये युद्धकैदी झाला होता. मुक्ततेची भाषा त्या हवेतून आली आहे. एसी डब्यात बसून ऐकली की ती थोडी मऊ लागते, एवढंच.

त्या व्याख्यानातली एक गोष्ट तुमच्या ह्यांनी बहुतेक ऐकली नाही, किंवा ऐकून सोयीस्कर विसरले. युद्धाच्या काळात सार्त्रकडे त्याचा एक विद्यार्थी आला. थोरला भाऊ 1940 च्या जर्मन हल्ल्यात मारला गेलेला. वडील जर्मनांशी जुळवून घेण्याच्या वळणाचे, आईशी त्यांचं बिनसलेलं. आई या धाकट्यावर जीव टाकून दिवस काढत होती. पोरापुढे दोन वाटा. इंग्लंडला पळून जाऊन मुक्त फ्रेंच सैन्यात भरती व्हायचं आणि भावाचं उट्टं काढायचं, किंवा आईजवळ राहायचं. आईजवळ राहिला तर निदान एका माणसाला त्याचा उपयोग नक्की. सैन्यात गेला तर उपयोग हजारोंना, पण कदाचित वाटेतच कुठल्या छावणीत अडकायचा किंवा कुठल्याशा कार्यालयात कागद भरत बसायचा. काय करू? सार्त्रचं उत्तर असं : तू मुक्त आहेस, निवड कर, तुझी वाट तूच शोधून काढ.

वरवर पाहता हे तुमच्या ह्यांनी मुलीला दिलेल्या उत्तरासारखंच आहे. पण ते उत्तर येण्याआधी सार्त्रनं त्या पोराचा प्रश्न अख्खा मांडलाय. धर्म काय सांगेल, तत्त्वज्ञ काय सांगतील, भावना काय सांगेल, एकेक दार ठोठावून बघितलंय, आणि मग म्हणालाय की यातलं कुठलंच शास्त्र तुझ्या वतीनं निर्णय घेणार नाही. मुलीबरोबर बसून, फी किती, कॉलेजं कुठली, तिला काय जमतं, काय आवडतं हे सगळं बोलून झाल्यावर "आता तू ठरव" म्हणणं वेगळं, आणि मोबाइलवरून मान वर न करता म्हणणं वेगळं. दुसऱ्याला मराठीत कटकट टाळणं म्हणतात.

आणि भावनेचं काय झालं ते नीट बघा, कारण तुमच्या घरातली खरी गाठ तिथे आहे. तो पोरगा म्हणाला होता, शेवटी मनाला जे जास्त ओढेल ते करीन. सार्त्र विचारतो, ओढ जास्त आहे हे कळणार कसं? आईवर इतकं प्रेम आहे की तिच्यासाठी बाकी सगळं सोडीन, हे तू खरोखर तिच्याजवळ राहिलास तरच म्हणता येईल. भावना कृतीतून घडते. मग कृती करू की नको हे भावनेलाच विचारत बसणं म्हणजे गोल गोल फिरणं. त्याच व्याख्यानात पुढे त्यानं स्पष्टच म्हटलंय की प्रेमाच्या कृतींपलीकडे प्रेम म्हणून वेगळं काही शिल्लक नसतं. "आतून वाटेल तेव्हा जाईन" याला अस्तित्ववादात जागाच नाही. आधी चिपळूणची गाडी पकडायची. काय वाटतं ते रत्नागिरी जिल्हा लागल्यावर बघू.

न ठरवणंही ठरवणंच असतं, हेही सार्त्रनं तिथेच सांगून ठेवलंय. मनगट मोडलेली 78 वर्षांची बाई इतके महिने त्याच न्हाणीत एकटी अंघोळ करतेय. तो निर्णय कुणीतरी घेतलेला आहे. तुमचे हे समजतात की फाइल अजून टेबलावर आहे.

याच गोष्टीत माझ्यासारखीलाही एक चिमटा आहे. सार्त्र म्हणतो, सल्ला कुणाचा घ्यायचा हे ठरवलं की निम्मा निर्णय होऊन गेलेला असतो. पाद्र्याकडे जाणारा कुठल्या पाद्र्याकडे जातो, जर्मनांशी सलगी असलेल्या की लढणाऱ्यांच्या बाजूच्या, यावरून त्याला काय ऐकायचंय ते कळतं. तुम्हीही जाऊबाईंना किंवा घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्यांना न विचारता मला लिहिलंत. ते का, याचा थोडा विचार करा. मी पुढे त्यावर येणारच आहे.

"नरक म्हणजे इतर माणसं." बिचाऱ्या सार्त्रच्या नावावर सगळ्यात जास्त खपलेलं वाक्य. मे 1944 मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर आलेल्या 'बंद दार' या त्याच्या नाटकातलं ते आहे, आणि बोलतो कोण, तर गार्सँ नावाचं पात्र. मेल्यानंतर तीन माणसं एका दिवाणखान्यात येऊन पडतात. आरसा नाही, झोप नाही, डोळ्याची पापणीही लवत नाही. गार्सँला आयुष्यभर शूर म्हणवून घ्यायचं होतं, ऐन वेळी तो पळाला. आता तिथली एक बाई तरी आपल्याला भित्रा म्हणू नये म्हणून त्याचा जीव खालीवर होतोय. मध्येच तो दारावर धडका देतो, आणि दार उघडतं. सताड. पण हा पठ्ठ्या बाहेर जात नाही. त्या बाईकडून शूरपणाचा दाखला मिळाल्याशिवाय त्याला हलवत नाही! ज्यानं दुसऱ्यांच्या नजरेवर आपलं सगळं टांगून ठेवलंय त्याची ती कैफियत आहे. पुढे 1965 मध्ये या नाटकाच्या ध्वनिमुद्रणासाठी बोलताना सार्त्रला खुलासाच करावा लागला की माणसामाणसांतले संबंध नेहमीच विषारी असतात असं मला म्हणायचं नव्हतं, संबंध सडवून ठेवले तर मात्र दुसरा माणूस नरक होतो. मेहुणी आली की खोलीत जाऊन बसायला हे वाक्य उपयोगी नाही.

आता हे ह्यांना जरूर ऐकवा. सार्त्र तान्हा असतानाच त्याचे वडील गेले होते. 1945 मध्ये सावत्र वडील वारले, आणि पुढल्या वर्षापासून हा जगप्रसिद्ध 'इतर माणसं' वाला लेखक पॅरिसमध्ये, 42 र्यू बोनापार्त या पत्त्यावर, विधवा आईबरोबर एका घरात राहायला लागला. तो राहिला पंधराएक वर्षं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला, अल्जीरियाच्या स्वातंत्र्याची बाजू घेतल्याबद्दल विरोधकांनी इमारतीत बाँबस्फोट घडवले, तेव्हा ते बिऱ्हाड मोडलं.

"देव मेला" लवकर आटपते. वाक्य जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेचं, 1882 च्या पुस्तकातलं. भर सकाळी कंदील घेऊन बाजारात आलेला एक वेडा ते ओरडतो, आणि ओरडतो ते देव न मानणाऱ्या, खिदळणाऱ्या गर्दीला उद्देशून : आपण काय करून बसलोय याची तुम्हाला कल्पना तरी आहे का! तो भेदरलेला आहे, आरती चुकवल्याच्या खुशीत नाही. शिवाय अस्तित्ववादी व्हायला नास्तिक असावं लागत नाही. या घराण्याचा मूळपुरुष किर्केगार्द कोपनहेगनचा कट्टर श्रद्धावान ख्रिस्ती होता, आणि अस्तित्ववाद हे नाव ज्यानं चालू केलं तो गाब्रिएल मार्सेल कॅथलिक. ह्यांना आरतीला उभं राहायचं नसेल तर नका आग्रह धरू. फक्त "मला नकोय" एवढं स्वतःच्या नावावर म्हणू देत, नीत्शेच्या नको.

मग सिसिफस. डोंगरावर शिळा ढकलायची, ती गडगडत खाली, पुन्हा ढकलायची. 1942 मध्ये त्यावर लिहिणाऱ्या फ्रेंच लेखक काम्यूनं 1945 मध्येच मुलाखतीत सांगून टाकलं होतं की मी अस्तित्ववादी नाही. पण असू दे, लोक त्याला आणि सार्त्रला एकाच फोटोत बसवतात. काम्यूचं पुस्तक, जगणं जगण्याच्या लायकीचं आहे का, या प्रश्नापासून सुरू होतं आणि जगायचं, डोळे उघडे ठेवून जगायचं, इथे येऊन थांबतं. जगाला छापील अर्थ नाही, याचा "काहीही केलं तरी सारखंच" असा अर्थ त्या मंडळींपैकी कुणीच काढलेला नाही. सार्त्रच्या मते तर जगण्याआधी जगण्याला अर्थ नसतो, म्हणूनच तो घालायचं काम आपल्याकडे येतं. सारखंच कसं असेल? न्हाणीत धरायला कठडा आहे की नाही, यानं सासूबाईंना फरक पडतो.

तशीच सिसिफसची दुसरी बाजू आहे. सिमोन द बोव्हुआर, सार्त्रची आयुष्यभराची सोबतीण आणि स्वतः मोठी तत्त्वज्ञ. तिनं 1949 च्या 'द सेकंड सेक्स'मध्ये लिहिलंय की सिसिफसच्या यातनेशी घरकामाइतकं साम्य असलेली कामं फार थोडी आहेत. आज घासलेलं उद्या पुन्हा घासायचं. तेव्हा तुमच्या घरात सिसिफस कोण, हा प्रश्न तुम्ही जरूर उपस्थित करू शकता. सिसिफसला निदान भाजी निवडावी लागत नाही.

राहता राहिला स्वभाव. "मी असाच आहे" यासाठी सार्त्रकडे कडक शब्द आहे, आत्मवंचना, स्वतःच स्वतःला फसवणं. त्याच्या मते लोकांना निराशावाद खुपत नाही, आपला स्वभाव आपण घडवतो हे ऐकणं खुपतं. भित्रा जन्मतः भित्रा असता तर किती बरं झालं असतं, कुणीच बोल लावला नसता. पण भित्रा भित्रेपणा करून भित्रा होतो, आणि म्हणूनच त्यातून बाहेरही पडू शकतो. यात तुमच्या ह्यांच्यासाठी आशाही आहे, ती त्यांना टोमणा म्हणून ऐकवू नका.

कारण मला त्यांचा नुसता रागही येत नाही. वय 49, वडील गेलेले असावेत असं पत्रावरून वाटतं, आई पडली, मुलगी घर सोडायच्या बेतात. कुठलाही निर्णय घेतला तरी कुणीतरी दुखावणार. ती धास्ती खरी आहे. किर्केगार्दनं 1844 मध्ये त्या धास्तीवर अख्खं पुस्तक लिहिलं. सार्त्र सेनापतीचं उदाहरण देतो : माणसं पुढे धाडायची तर त्यातली काही मरणार हे ठाऊक असतं, पोटात गोळा येतो, आणि तरीही हुकूम द्यावा लागतो. ज्याला गोळाच येत नाही तो जबाबदारी घेत नसतो. तुमच्या ह्यांनी व्याख्यानं ऐकायला लागण्यामागे असलं काही असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका. आणि सार्त्रचा शब्द म्हणजे वेद, असंही नाही. कसल्याही परिस्थितीत माणूस मोकळेपणी निवडू शकतो, हे आपलं तरुणपणचं म्हणणं म्हातारपणी त्याला स्वतःलाच अति वाटायला लागलं होतं. गृहकर्जाचे हप्ते, सोसायटीचा तिसरा मजला, लिफ्ट असणं-नसणं, हे सगळं निवडीआधीच मांडून ठेवलेलं असतं. पण मांडलेल्या डावात खेळी तुमचीच असते.

आता तुमच्याकडे येते. "सून आहे, करावंच लागतं." हे वाक्य आणि "माझा स्वभावच असा आहे" हे वाक्य, दोन्ही शेजारी ठेवून बघा. दोन्हींत निवड करणारं माणूस गायब आहे. तुमचं वाक्य जास्त कष्टाचं आहे, जास्त सोसलेलं आहे, आणि न करणाऱ्या सुनेला समाज काय म्हणतो हे मलाही ठाऊक आहे. तरीही सासूबाईंचं करायचं असेल तर "मी करणार आहे" म्हणून करा, आणि किती करणार तेही सांगा. सकाळचं मी, रात्रीचं उठणं-बसणं मुलानं, शनिवार-रविवार पूर्ण मुलानं, बाईचा पगार दोन्ही भावांनी. बोव्हुआरनं 1947 मध्ये मांडलं होतं की स्वतःचं स्वातंत्र्य हवं असेल तर इतरांचंही हवं असावं लागतं. ह्यांचं स्वातंत्र्य तुमच्या पाठीवर उभं असेल तर ते त्या तत्त्वज्ञानात बसत नाही. तुम्हाला बहुतेक हेच ऐकायचं होतं, म्हणून तर पत्र इकडे आलं.

एक माणूस मात्र तुमच्या पूर्ण पत्रात बोललेलंच नाही. आणायचं, ठेवायचं, बघायचं, सगळी क्रियापदं तुमची, ह्यांची आणि दिरांची. सासूबाईंना काय हवंय? चिपळूणचं घर, शेजारणी, मागचं परसू सोडून डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये त्यांना यायचंय का? बोव्हुआरनं 1970 मध्ये म्हातारपणावर जाडजूड पुस्तक लिहिलं, आणि त्यातली तिची तक्रार हीच होती की म्हाताऱ्या माणसाला आपण माणसांतून वजा करून टाकतो, त्याची फक्त सोय बघतो.

तेव्हा ह्यांच्याशी पुस्तकावरून अजिबात वाद घालू नका, त्यात ते रमतील आणि महिना जाईल. येत्या शनिवारी सकाळी दिरांना लाइनवर घ्या, फोन स्पीकरवर ठेवा, आणि सासूबाईंना काय हवंय हा प्रश्न ह्यांना विचारू द्या. उत्तर आलं की रविवारी संध्याकाळपर्यंत तीनपैकी एक. न्हाणीत कठडा आणि खरखरीत फरशी मात्र निर्णयाची वाट न बघता आधी बसवून घ्या, प्लंबरला तत्त्वज्ञान लागत नाही.

ता. क. : हे सगळं मुलीनं वाचावं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. वाचू दे. सार्त्रचं ते व्याख्यान छोट्याशा पुस्तकाच्या रूपात 1946 पासून मिळतं, बारावीच्या मुलीला इंग्रजीतून सहज झेपेल. त्याचा 1943 चा जाडा ग्रंथ ह्यांनी मागवायचं काढलं तर तूर्त मागवू देऊ नका.

– तुमची ताई